ज्याच्या मांडीवर पुस्तक

धामणवाडीच्या बालवाडीत नियम एकच होता. ज्याच्या मांडीवर पुस्तक, त्यानं बोलायचं, बाकीच्यांनी ऐकायचं. नखं, शेंबूड, अंघोळ यांबद्दल महानंदाबाईंचा फारसा आग्रह नव्हता. जिथं तीन दिवसांतून एकदा टँकर येतो तिथं रोजच्या अंघोळीचा आग्रह धरायला माणूस एक तर निर्दय लागतो, नाहीतर सरकारी पत्रकं काढणारा. पण या एका नियमात बाई तसूभरही ढिल्या पडत नसत. पुस्तक मांडीवर आलेलं लेकरू बरोबर बोलो, चूक बोलो, नाहीतर नुसतं बघत बसो, दुसऱ्यानं मध्ये तोंड घालायचं नाही. बाईंनीसुद्धा नाही.

हा नियम त्या कुठल्या प्रशिक्षणात शिकल्या नव्हत्या. त्याचं मूळ मुखेडला, त्यांचे वडील गुंडप्पा यांच्या किराणा दुकानात होतं. पुड्या बांधायला रद्दी येई, तीत जुनी सचित्र मासिकं असत. सहा-सात वर्षांची महानंदा पोत्यावर बसून ती पानं वेगळी करी आणि चित्र दिसलं की तिची टकळी सुरू होई. ही बाई का रडते, या जहाजाला चाकं का नाहीत, हा साहेब डोक्यावर टोपलं घालून कुठं निघाला. गुंडप्पा मिरच्या जोखता जोखता म्हणत, "पोरीच्या जातीला एवढं तोंड बरं न्हाई." ते चित्र मग हळदीच्या पुडीत जाई आणि पोरीचा प्रश्न तिच्याजवळच राही.

सातवी झाल्यावर तिचं लग्न धामणवाडीच्या माणिकप्पाशी झालं. सासरची माणसं वाईट नव्हती, हे त्या स्वतःच सांगत. पण अकरा वर्षांत त्या घरात तिला विचारलं काय गेलं? भाकरी झाल्या का, पाणी आणलं का, आणि दर महिन्याला सासू विचारी तो एक प्रश्न, ज्याचं उत्तर कधी हो असं आलं नाही. तिला काय वाटतं, हे विचारावं असं कुणाच्या डोक्यातच आलं नाही. मग माणिकप्पा काविळीनं गेला आणि तोही प्रश्न बंद झाला.

बहात्तरच्या दुष्काळात त्या खडी फोडायला गेल्या. हातात जोर नव्हता, हातोडा उचलला की खांदा निखळल्यासारखा होई. मुकादमानं वैतागून त्यांना कामावरच्या बायकांची लेकरं सांभाळायला बसवलं. चार काठ्यांवर बांधलेलं धडपं, त्याखाली वीस-पंचवीस पोरं, आणि भोवती उडणारी खडी. एका दुपारी खडी फोडणाऱ्या नागुबाईच्या थोरल्या पोरीच्या डोळ्यात दगडाची कपरी गेली. पोरगी वाचली, डोळा गेला. त्या दिवसापासून लेकरं उन्हातान्हात खडीजवळ बसलेली दिसली की महानंदाबाई त्यांना उचलून लांब नेऊन बसवत. पुढं आठ-नऊ वर्षांनी गावाला बालवाडी मिळाली तेव्हा सातवी पास बाई गावात त्या एकट्याच होत्या. त्या तिथं जाऊन बसल्या त्या बसल्याच.

ब्याऐंशी सालच्या ऑगस्टात लातूर वेगळा जिल्हा झाला. जवळच्या रेणापूरच्या बाजारात गुलाल उधळला गेला. पण नव्या जिल्ह्याचं स्वागत पावसानं काही केलं नाही. दुसऱ्या उन्हाळ्यात धामणवाडीची विहीर खडक दाखवू लागली, गुरं छावणीला गेली, बायका पुन्हा खडीवर गेल्या. नव्या जिल्ह्याकडून गावाला त्या वर्षी दोन गोष्टी आल्या. एक टँकर, आणि दुसरी म्हणजे बालवाडीसाठी चित्रांच्या पुस्तकांची पत्र्याची पेटी.

पेटीबरोबर कागद होता, पुस्तके काळजीपूर्वक जतन करावीत. आसपासच्या गावांतल्या बालवाडीच्या बायांनी हे इतकं मनावर घेतलं की पेट्यांची कुलपंच उघडली नाहीत. साहेब आले की कोरी करकरीत पुस्तकं दाखवायची आणि शाबासकी घ्यायची. झाकली मूठ सव्वा लाखाची. महानंदाबाईंनी पेटी आली त्याच दिवशी उघडली. पहिल्याच दिवशी नागुबाईच्या धाकट्यानं, चार वर्षांच्या मडिवाळनं, चित्रातल्या गाईच्या तोंडाला खायला मिळालेली सुकडी फासली. त्याच्या घरची गाय छावणीला गेली होती आणि ही उपाशी दिसत होती. रात्रीत मुंग्यांनी गाईचा अर्धा जबडा खाल्ला. बाईंनी ते पान पुसलं, वाळवलं आणि दुसऱ्या दिवशी पुस्तक पुन्हा फिरवायला घेतलं.

काय काय बोलत ती पोरं! पावसात छत्री घेऊन पळणाऱ्या माणसांचं चित्र दर्ग्याच्या मुजावर दस्तगीरचाचांच्या नातीच्या, शहजादीच्या, मांडीवर आलं. ती बराच वेळ बघत राहिली आणि म्हणाली, "ऊन लई हाय. ही मानसं सुकडी आनायला पळून राहिलीत." छत्री उन्हाची, पळणं सुकडीसाठी. तिला चूक म्हणायची कुणाची छाती होती?

एका पुस्तकात हत्ती होता. सोंड वर करून पाण्याचा फवारा उडवणारा, खाली लेकरं नाचताहेत. ते पान उघडलं आणि मडिवाळ किंचाळला, "टँकर!" पुढच्या क्षणी अख्खी बालवाडी उभी राहिली. कुणी सुकडीची ताटली उचलली, कुणी बाईंचा तांब्या, एकानं तर टोपी काढून हातात धरली, आणि पुस्तकापुढं रांग लागली. ढकलाढकली आलीच. शहजादीनं मागून घुसणाऱ्या पोराला हुबेहूब आपल्या आईच्या आवाजात शिवी हासडली. बाईंना हसू आवरेना, आणि हसता हसताच डोळ्यांना पदर लावावा लागला.

सगळ्यांना खाली बसवून पुस्तक फिरू लागलं. फिरत फिरत ते शरूच्या मांडीवर आलं. शरू म्हणजे शरणम्मा, महादेवप्पांची नात, पाच वर्षांची. महादेवप्पा म्हणजे गावातलं मोठं घर. बालवाडीची खोली त्यांचीच, पूर्वी तिथं कापूस साठवत. गावात टँकर आणला तोही त्यांनीच, खेटे घालून. शरूनं हत्तीवरून हात फिरवला आणि घरचा पाहुणा ओळखावा तशा कौतुकानं सांगितलं, "ह्यो आधी आमच्या बागेत येतो. हौदात पानी सोडतो. अज्जा म्हनतात, झाडं लेकरावानी असतात. मोसंबीचं पोट भरलं की मग ह्यो तुमच्याकडं येतो."

"म्हून आमच्या घागरीत गाळ," मडिवाळ म्हणाला.

"मडिवाळ, पुस्तक कुणाच्या मांडीवर हाय?" बाई चटकन म्हणाल्या. नियम पाळायला सांगितला खरा, पण आयुष्यात पहिल्यांदाच त्या आपल्याच नियमाआड लपल्या, आणि हे त्यांना स्वतःला कळलं. टँकर आधी बागेत अर्धा रिकामा होतो, हे गावात कुणाला ठाऊक नव्हतं? सगळ्यांना ठाऊक होतं, आणि विचारलं तर एकालाही ठाऊक नव्हतं. तळं राखील तो पाणी चाखील, असं म्हणून म्हातारी माणसं विषय संपवत. शिवाय महादेवप्पा काही राक्षस नव्हते. ती मोसंबी त्यांनी पहारीनं खडक फोडून लावली होती, एकेका झाडाला हातानं पाणी घालून वाढवली होती. माणसाला झाडांचा लळा लागतो. तो लळा दुसऱ्याच्या घागरीतून भागवू नये, एवढंच.

पोरांच्या तोंडचं गावभर व्हायला वेळ लागत नाही. दोन दिवसांनी महादेवप्पा बालवाडीच्या दारात येऊन उभे राहिले. नात्यानं ते बाईंचे थोरले चुलतदीर. आवाज चढवणं त्यांच्या स्वभावात नव्हतं.

"महानंदा, लातूरच्या बाई येऊन राहिल्यात म्हनं पुढल्या आठवड्यात. मंजुरीचं बघायला."

"हाव अप्पा."

जिल्हा बदलल्यामुळं सगळ्या बालवाड्यांना नव्यानं मंजुरी लागणार होती. नाही मिळाली तर बालवाडी बंद, पोरं पुन्हा धडप्याखाली, खडीजवळ. बाईंना त्या आठवड्यात दुसरं काही सुचत नव्हतं.

"पोरांकडनं कविता बसवून घे. हात हालवून म्हनायच्या. ते चित्रंबित्रं ठेव पेटीत."

"लेकरांना आवडतं, अप्पा."

"लेकरांना माती खायाबी आवडती," महादेवप्पा म्हणाले. "हत्तीला टँकर म्हननारी पोरं बघून कोन मंजुरी देनार? खोली म्या दिली ती पोरं शहानी व्हावीत म्हून. ध्यानात ठेव."

बाईंनी ध्यानात ठेवलं. लाज वाटण्यासारखी गोष्ट आहे, पण लपवण्यात अर्थ नाही: महानंदाबाईंनी पेटीला कुलूप लावलं. तीन दिवस बालवाडीत कविता घुमल्या. पोरांनी फुलाचे हात केले, पाखराचे हात केले. शेजारणी कौतुकानं डोकावून गेल्या. मंजुरी आता ठेवलेलीच, असं सगळे म्हणाले.

चौथ्या दिवशी पेटीत मुंग्या झाल्या आहेत का ते बघायला बाईंनी कुलूप काढलं. मडिवाळ जवळ आला. त्यांनी सहज एक पुस्तक त्याच्या मांडीवर ठेवलं. गाईला सुकडी चारणारं ते पोर चित्राकडं बघेचना. त्यानं बाईंच्या तोंडाकडं बघितलं आणि विचारलं, "बाई, हितं म्या काय म्हनू?"

तीन दिवसांत! एवढे दिवस खपून त्यांनी जे उभं केलं होतं ते तीन दिवसांत आडवं झालं होतं. चार वर्षांच्या पोराला आता चित्र दिसत नव्हतं, मोठ्यांचं तोंड दिसत होतं. त्यांना स्वतःचा संताप आला. त्यांनी मडिवाळला पोटाशी धरलं आणि म्हणाल्या, "तुला जे दिसंल ते म्हन, राजा. म्या चुकले." कुलूप त्यांनी परसात भिरकावून दिलं. ते पुढं कुणाला सापडलं नाही.

लातूरहून आल्या त्या शकिलाबाई. लातूरच्या जुन्या मोहल्ल्यात वाढलेल्या, सरळ बोलणाऱ्या आणि उन्हानं तांबड्या झालेल्या. एसटीनं रेणापूर गाठून पुढचं अंतर पायी आल्या होत्या. महादेवप्पांनी त्यांना हार घातला, खुर्ची दिली, आणि स्वतः दाराशी दुसरी खुर्ची टाकून बसले.

"कविता म्हणून दाखवतील का मुलं?" शकिलाबाईंनी विचारलं. बहुतेक गावांत हेच होत असावं, कारण आवाजात फारशी उमेद नव्हती.

"कविता होतील, म्याडम. आधी पुस्तकं बघू," महानंदाबाई म्हणाल्या आणि पोरांकडं वळल्या. "कोनतं काढू?"

"टँकर!" एकच गिल्ला झाला.

महादेवप्पा खाकरले. बाईंना ते खाकरणं नीट ऐकू गेलं. पेटीत दुसरी पुस्तकं होती. म्हशीचं काढलं असतं, माकडाचं काढलं असतं, कुणी विचारणार नव्हतं. बाईंनी टँकरचंच काढलं.

शहजादी हत्तीच्या कानाबद्दल बोलली, ते सुपासारखे आहेत म्हणाली. मडिवाळनं सांगितलं की हा टँकर चांगला, याला ड्रायव्हर नाही म्हणून शिव्या देत नाही. शकिलाबाई मोठ्यानं हसल्या आणि गुडघ्यावर घेतलेल्या बालवाडीच्या शेरेबुकात लिहू लागल्या. पुस्तक पुढं सरकलं. शरू नवा झगा घालून, आजोबा बघताहेत म्हणून ताठ बसली होती. बाईंनी तिला ओलांडून पुस्तक पलीकडं दिलं असतं तर पोरीला वाईट वाटलं असतं, एवढंच. पण मग नियम उरला नसता. बाईंनी पुस्तक शरूच्या मांडीवर ठेवलं.

शरूनं तेच सांगितलं. हौद, मोसंबीचं पोट, मग बाकीचं गाव. उलट पाहुण्या आल्या म्हणून थोडं रंगवून सांगितलं, आणि शेवटी आजोबांकडं बघून हसली.

शकिलाबाई लिहायच्या थांबल्या नाहीत. लिहून झाल्यावर त्यांनी कविताही ऐकल्या, सुकडीचं पातेलं बघितलं, पाण्याचा माठ बघितला. जाताना महानंदाबाई त्यांना वेशीपर्यंत सोडायला गेल्या तेव्हा त्या म्हणाल्या, "बाई, पन्नास गावं फिरले. लेकरं बोलताना पहिल्यांदा ऐकली. टँकर माझ्या खात्यात येत नाही. पण लेकरं काय बोलली ते माझ्या खात्यात येतं, ते मी जसंच्या तसं लिहिलंय. महिन्याच्या अहवालाबरोबर ते पान लातूरला पाठवून द्या. त्याच्यावरच मंजुरी निघेल."

दिवस कलताना महादेवप्पा आले. या वेळी उंबऱ्याच्या आत आले.

"ते पान फाड."

"अप्पा..."

"दुसरं लिही. पोरं कविता म्हनली, हुशार हायेत, असं लिही. आधी बरं होतं. कलेक्टर उस्मानाबादला बसायचा, तिथवर हाक जाईस्तवर पाऊस पडून जायचा. आता लातूर हाय, कागद दोन तासात पोचतो." त्यांचा आवाज खरोखर रडवेला झाला होता. "झाडं मरतील माझी, महानंदा."

"झाडांचं मलाबी वाईट वाटतं, अप्पा. पर शरू खोटं बोलली न्हाई."

"लेकरू हाय. लेकरू बोलतं काहीबाही, असं म्हन."

यावर महानंदाबाई जे बोलल्या ते पुढं गावात बरेच दिवस बोललं जात होतं. त्या म्हणाल्या, "म्या खोटारडी हाय असं म्हना, म्या मान खाली घालून ऐकीन. पर लेकरू बोललं त्यात काही अर्थ न्हाई, असं म्या माझ्या हातानं लिहिनार न्हाई. मग मी त्यांना बोलायला शिकवलं कशाला?"

"मग उद्यापसनं खोली माझी."

"हाव," बाई म्हणाल्या. "खोली तुमचीच हाय."

सकाळी खोलीला कुलूप होतं आणि पुस्तकांची पेटी आत होती. पोरं ओट्यावर उभी होती. महानंदाबाईंनी पोरं नागुबाईच्या एका डोळ्याच्या लेकीकडं सोपवली, पान पदरात बांधलं आणि रेणापूरहून एसटी धरून लातूर गाठलं. टपालावर त्यांचा भरवसा नव्हता. डाळमिलांची धूळ खात, विचारत विचारत त्या नव्या कचेरीत पोचल्या आणि कारकुनानं आवक शिक्का मारेपर्यंत टेबलापुढून हलल्या नाहीत. कारकून म्हणाला, "बाई, बसा तरी." त्या म्हणाल्या, "शिक्का मारा, मग बसते." शिक्का बसल्यावर त्यांना तहान लागल्याचं आठवलं.

दुसऱ्या दिवसापासून बालवाडी दर्ग्याच्या पडवीत भरू लागली. जागा मागायला गेल्या तेव्हा दस्तगीरचाचा म्हणाले, "जागा अल्लाची हाय बाई, मला काय इचारता? फक्त गुरुवारी लोबान असतो, पोरं शिंकतील." पोरं शिंकली, पण आली. पुस्तकं नव्हती, तर बाईंनी किराणा दुकानातून रद्दीतली चित्रं मागून आणली. नियम तोच ठेवला, पुस्तकाऐवजी कागद. फक्त शरू येत नव्हती.

पंधरा दिवसांनी लातूरचा एक माणूस टँकरमध्ये ड्रायव्हरच्या शेजारी बसून आला. त्यानं कुणाला काही विचारलं नाही, वहीत काहीतरी लिहिलं आणि गेला. त्या दिवसापासून टँकर सरळ विहिरीवर येऊ लागला. त्याच महिन्यात मंजुरी आली. कागदावर बालवाडीचा पत्ता दर्ग्याची पडवी असाच लिहिलेला होता, आणि तो वाचून नागुबाईनं खडीवरच्या सगळ्या बायकांना गूळ वाटला. महादेवप्पांची मोसंबी मात्र ओळीनं वाळत गेली. अंघोळीचं पाणी धरून ते घराजवळची चार झाडं जगवताना दिसत. गावातल्या काहींना आनंद झाला. महानंदाबाईंना झाला नाही.

एका सकाळी महादेवप्पांची सून उमादेवी पडवीशी आली. डोक्यावर पत्र्याची पेटी, हाताला शरू.

"अप्पांनी दिली?" बाईंनी विचारलं.

"दिली न्हाई. पर खोलीची किल्ली कोनाड्यात ठेवली, मला दिसंल अशी," उमादेवी म्हणाली. मग आवाज खाली करून बोलली, "बाई, त्या दिशी मामंजींनी हिला लई मारलं. जल्मात कधी बोट लावलं नव्हतं. तवापसनं ही बोलत न्हाई. जेव म्हनलं तर जेवती, झोप म्हनलं तर झोपती."

महानंदाबाईंनी तिच्या डोक्यावरची पेटी उतरवून घेतली आणि शरूकडं बघितलं. टँकर सरळ आला, मंजुरी आली, त्यांचं म्हणणं खरं झालं. आणि त्याची किंमत या पाच वर्षांच्या पोरीनं गालावर घेतली होती. पुस्तक तिच्या मांडीवर त्यांनीच ठेवलं होतं. ते ठेवायला नको होतं, असं त्यांना आताही वाटत नव्हतं. पण म्हणून पोरीचं देणं चुकत नव्हतं. ही बोलेपर्यंत आपण हटायचं नाही, असं त्यांनी मनाशी ठरवलं.

रोज पुस्तक फिरे, रोज शरूच्या मांडीवर येई. शरू चित्राकडं बघे, मग दाराकडं बघे आणि गप्प बसे. कुणी मध्ये बोलत नसे. बाई थांबत. मडिवाळच्या ओठांवर शब्द येऊन चुळबुळत, पण तोही थांबे. बराच वेळ गेला की शरू पुस्तक पुढं सरकवी. असे अकरा दिवस गेले. शरूच्या आईनं म्हटलं, जाऊ द्या बाई, तिला ओलांडून देत जा. बाई म्हणाल्या, "तिची पाळी म्या कुनाला देनार न्हाई."

बाराव्या दिवशी महादेवप्पा आले. बाहेर चिंचेखाली उभे राहिले, जाता जाता थांबल्यासारखे. खांद्यावरचा पंचा घामानं भिजला होता. पुस्तक तेव्हा नेमकं शरूच्या मांडीवर होतं. पानावर सिंह होता, तोंड उघडून बसलेला. आधीच्या पोरांनी तो डरकाळी फोडतोय, चावायला निघालाय, रागावलाय असं काय काय सांगून झालं होतं.

शरूनं मान वर केली आणि आजोबा दिसताच ती थिजली. महानंदाबाईंना वाटलं, उठावं आणि पोरीला पाठीशी घालावं. त्या उठल्या नाहीत. त्यांनी महादेवप्पांकडं बघितलं, आणि बघतच राहिल्या. पडवीतली सगळी पोरंही मग तिकडंच बघू लागली. ज्यांच्यापुढं गाव मान वर करत नसे त्या माणसाकडं तीस पोरं, एक शब्द न बोलता, नुसती बघत होती. शरूला गप्प कुणी केलं होतं हे त्यांतल्या एकालाही सांगावं लागलं नसतं.

महादेवप्पांनी पंच्यानं तोंड पुसलं. एकदा पुसलं, दोनदा पुसलं. मग घसा साफ करून, कुणाकडंच न बघता म्हणाले, "बोल की गं, शरू. मी काय म्हनत न्हाई."

शरू पुन्हा चित्राकडं वळली.

"ह्यो रागावला न्हाई," ती अगदी हळू म्हणाली. "ह्याला लई तहान लागलीया. म्हून त्यानं त्वांड उघडलंय."

पुस्तक अजून तिच्या मांडीवर होतं. महानंदाबाई उठल्या. दर्ग्याच्या माठातून त्यांनी तांब्या भरला आणि चिंचेखाली नेऊन महादेवप्पांच्या हातात दिला. त्यांनी तो उभ्यानंच घटाघटा, एका दमात रिकामा केला.

तांब्या परत देताना त्यांनी विचारलं, "बालवाडी उद्या किती वाजता भरती?"

"आठ वाजता," बाई म्हणाल्या. "तुमीच घेऊन या तिला."